सर्वपित्री आणि ‘ऑल सेंट्स’

३१ ऑक्टोबरला आपली मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी गोळा करतात. दुसऱ्या दिवशी काय असतं, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. १ नोव्हेंबर म्हणजे ‘ऑल सेंट्स डे’, सर्व संतांचा दिवस. हॅलोवीन ही त्याची आदली संध्याकाळ.

मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे आम्हां मराठी मंडळींच्या शेजारीपाजारी ल्यूथरन घरं पुष्कळ. मार्टिन ल्यूथरने संतांना रजाच दिली, असा आपला समज. तो खरा नाही. १५३० साली ऑग्सबर्गला ल्यूथरपंथीयांनी आपलं श्रद्धा-निवेदन मांडलं. त्याच्या एकविसाव्या कलमाचा आशय असा: संतांचं स्मरण जरूर करावं, त्यांना पाहून आपली श्रद्धा बळकट करावी आणि आपापल्या कामात त्यांचा कित्ता गिरवावा. मागणं मात्र देवाकडेच!

म्हणूनच त्यांच्या कॅलेंडरात संगीतकार बाखचाही स्मरणदिन आहे, २८ जुलै. १७५० साली तो गेला, ती तारीख. आपली तुकाराम बीज, दासनवमी अशाच ना? इथल्या एपिस्कोपल चर्चने तर ५ एप्रिल हा दिवस आपल्या पंडिता रमाबाईंच्या स्मरणाला दिला. १९२२ साली त्याच दिवशी त्या गेल्या.

ल्यूथरच्या मते श्रद्धा ठेवणारा प्रत्येक साधा माणूसही संतच. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अनेक ल्यूथरन चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं वाचतात, मेणबत्त्या लावतात. त्यांत शेतकरी असतो, नर्स असते, कुणाची तरी आजी असते.

आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहेच. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचंही स्मरण त्या दिवशी होतं. पण इथे अमावास्या येते मंगळवारी, ऑफिस असतं, भटजी मिळत नाहीत. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणांना मध्यरात्री फोन आला आणि विमान मुंबईला उतरेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. ते दुःख आपण मनातच ठेवतो. मुलांसाठी आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो. त्यांचं पूर्ण नाव किती मुलांना सांगता येईल?

ज्यांना श्राद्ध करायचं, त्यांनी ते करावंच. पण सर्वपित्रीच्या जवळच्या रविवारी मंडळाने एक तास ठेवायला काय हरकत आहे? भाषणं नकोत, जेवण साधं. समई लावावी आणि प्रत्येक घरातल्या मुलाने आपल्या माणसाचं नाव वाचावं. त्यापुढे एकच वाक्य: त्यांच्याकडून आपण काय घ्यायचं.

ते वाक्य सांगण्यासाठी मुलं आधी आपल्यालाच विचारतील. तेवढं बोलणं घराघरांत झालं, तरी पुष्कळ झालं.