‘हार्ड’ आणि ‘हार्डली’: इंग्रजी क्रियाविशेषणांतील एक घोटाळा

शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या परिश्रमांचे कौतुक करण्याच्या हेतूने ‘ही हॅज हार्डली वर्क्ड’ असे लिहिले गेले, तर निवड समिती त्याचा अर्थ ‘ह्याने काम असे फारसे केलेच नाही’ असाच घेणार. लिहिणाराचा तर्क मात्र सरळ असतो : विशेषणाला ‘ली’ जोडली की क्रियाविशेषण होते.

प्राचीन इंग्रजीत क्रियाविशेषण साधण्याची दुसरीही एक रीत होती. विशेषणाला अंत्य स्वर जोडला की काम भागे. पुढे तो स्वर उच्चारातून लोपला आणि ‘हार्ड’, ‘लेट’, ‘फास्ट’ ही रूपे विशेषण व क्रियाविशेषण अशी दोन्ही कामे करू लागली. त्यामुळे त्यांच्या शेजारची ‘ली’ अंती असलेली रूपे वेगळ्या अर्थाकडे वळण्यास मोकळी झाली. ‘लेटली’ म्हणजे ‘उशिरा’ नव्हे, ‘अलीकडे’. ‘हार्डली’ प्रथम ‘जोराने’, मग ‘कष्टाने’ आणि अखेर ‘जेमतेम’ ह्या अर्थावर स्थिरावले.

हे अर्थांतर वऱ्हाडातील विद्यार्थ्यास परके वाटू नये. हा प्रदेश 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि अकोल्याच्या बाजारात हिंदी आजही सहज कानी पडते. ‘मुश्किल से दस आदमी आये’ ह्या वाक्यात त्या दहा जणांना येण्याचे कष्ट पडले असे कोणी समजत नाही. कष्टाचा अर्थ येथेही उणेपणाकडे झुकला आहे. ‘हार्डली’ शिकविताना शब्दकोशापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

‘व्हेरी’ आणि ‘टू’ ह्यांच्या घोटाळ्याचे मूळ मात्र आपल्याच ‘फार’मध्ये आहे. ‘चहा फार गरम आहे’ ह्यात तो नुसताच गरम आहे की पिववत नाही, हे प्रसंगावरून ठरते. वऱ्हाडी ‘लय’चीही तीच गत. इंग्रजीत ‘टू’ म्हटले की मर्यादा ओलांडली गेली. म्हणून प्रशंसेत तो शब्द जपून वापरावा.

‘अजून’ची व्याप्ती तर त्याहून मोठी. ‘अजून बसला आहे’ येथे ‘स्टिल’, ‘अजून आला नाही’ येथे ‘यट’, आणि ‘अजून एक भाकरी’ येथे तिसराच शब्द लागतो. नकार असला की ‘यट’ हा शालेय नियमही पुरा नाही. वाट पाहून कंटाळलेला इंग्रज नकारातही ‘स्टिल’ वापरतो. तो कंटाळा आपण ‘अजूनही’मधल्या ‘ही’वर जोर देऊन व्यक्त करतो.