पंगत का अडली?

लांज्याच्या एखाद्या घरी पंगत बसली आहे, अशी कल्पना करा. प्रत्येक पाटावर जागा दोघांची. पण बसलेला एकेकच, आणि तोही सोवळ्यातला! शेजारच्या पाटावर सरकणार कोण? पंगत अडली.

गंधक, कार्बन आणि हायड्रोजन यांच्या ‘बीईडीटी-टीटीएफ’ नावाच्या सेंद्रिय रेणूपासून केलेल्या एका तांबेयुक्त क्षारात असेच घडते. रेणूंच्या प्रत्येक जोडीवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. साध्या हिशेबाने त्यातून वीज खेळावी. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात आणि जागीच खिळतात. एका पाटावर दोघांना क्षणभर टेकायचे, तर तोंडे विरुद्ध हवीत, हा निसर्गाचा दंडक. तोंड म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाची दिशा. म्हणून उणे २४६ अंश सेल्सिअसच्या सुमारास शेजारी एकाआड एक उलट तोंडे करून बसतात. हीच ती चुंबकीय शिस्त.

१९९० साली शास्त्रज्ञांनी या स्फटिकावर सुमारे ३०० वातावरणांचा दाब दिला. पाट जवळ सरकले, सोवळे सुटले. आणि उणे २६० अंशांच्या आसपास विजेला होणारा विरोध पार नाहीसा झाला!

तेव्हा वाचकहो, वीज न वाहणारा पदार्थ रिकामाच असतो असे नाही. कधी कधी तो नुसता अडून बसलेला असतो.