घंटी आणि साइडपट्टी

गेल्या रविवारी माझी ॲटलस सायकल भंगारवाल्याने नेली, किलोच्या भावात. त्याआधी नातवाने घंटी तेवढी काढून आपल्या सायकलला लावली. त्याची सायकल सोसायटीच्या फाटकाबाहेर जात नाही. आम्हीच जाऊ देत नाही. पेणमध्ये राहून पोराला सायकलवर शाळेत धाडायची माझी छाती होत नाही, हे लिहितानाही कसंतरी वाटतं.

पेणमधलं माझं बालपण आटपतं घेतो. तासावर भाड्याची सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून कात्री, फुटलेले गुडघे. सगळ्यांचं तेच. खरी सायकल चालवली ती रोह्यात, 1983 ते 1993, धाटाव एमआयडीसीच्या नोकरीत. पहिल्या पाळीला अष्टमीहून निघायचं. पुलावर येईतो पंधरावीसजण जमलेले असत. हँडलला डबा, पावसात एका हातात छत्री, आणि रात्रपाळीला चाकावर घुर्रघुर्र करणारा डायनॅमो. चढावर सायकल मंदावली की दिवाही मंदावायचा. मागून येणारा ट्रकवाला शिव्या घालायचा, पण थांबायचा. रस्ताभर आम्हीच असल्यावर जाणार कुठे? शिवाय डांबराला लागून मुरमाची साइडपट्टी होती, डांबराच्या पातळीत. भीती वाटली की खाली उतरायचं, ट्रक गेला की परत वर. त्या दहा वर्षांत मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा पावसात, माझ्याच चुकीने.

दंड मात्र आम्हालाच. दिवा नाही, डबलसीट, घंटी वाजत नाही. सुरक्षा सप्ताहातली भाषणंही आम्हालाच : डावीकडून चला, सांभाळून चला. एका वक्त्यांनी सायकलवाल्यांनी बेशिस्त सोडावी, असं तासभर सांगितलं. ते जीपमधून आले होते. तो राग अजून गेलेला नाही.

मग हप्त्यावर मोटारसायकली आल्या. आमच्या कारखान्यात सायकल स्टँडचं छप्पर त्यांना मिळालं, सायकली उन्हात गेल्या. तिथेच आमचा निकाल लागला होता.

2011 साली मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरांचं चौपदरीकरण सुरू झालं. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, सगळे याच टप्प्यात. मधल्या वर्षांतले खड्डे, धूळ आणि तारखा वाचकांना पाठ आहेत. माझं दुखणं वेगळं. काँक्रीट झालं तिथेही कडेला मी चप्पल ठेवून पाहिली, साइडपट्टी वीतभर खाली. मागून कंटेनर आला तर सायकलवाल्याने उतरायचं कसं? सर्व्हिस रोड म्हणावा, तर तो मध्येच संपतो आणि माणूस थेट भरधाव गाड्यांच्या तोंडी येतो.

सायकल मार्ग कसे आखावेत याची संहिता इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच काढली, 2015 साली सुधारली. मोटार वाहन कायद्यात 2019 पासून 198-अ कलम आहे : रस्त्याच्या सदोष आखणीमुळे वा देखभालीमुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. आमच्या दिव्याचा दंड जागच्या जागी वसूल व्हायचा.

जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने पुन्हा लाल रिफ्लेक्टर वाटायला मंडळी येतील. त्यांनी एकदा संध्याकाळी सातला वडखळहून पेणपर्यंत सायकलने यावं. सायकल नातवाची देतो. सीट थोडी खाली आहे, घंटी मात्र चांगली वाजते.