कुंडलिकेकाठचे दोन खासदार

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, पैलतीरावर अष्टमी आणि दोहोंची मिळून एकच नगरपरिषद, अशी ज्या वस्तीची घडण, तिला एका संसदेची दोन सभागृहे ही कल्पना परकी वाटू नये. तथापि अनुभव असा की, लोकसभेच्या निकालावर तासन्‌तास वाद घालणारा जाणता मनुष्यही, राज्यसभेचा निकाल कोणी, कोठे आणि कोणत्या हिशेबाने लावला, या प्रश्नाला बहुधा बगल देतो. वास्तविक २०२४ साली रायगड जिल्ह्यात हे दोन निकाल एकाच धाग्यात ओवले गेले होते.

पहिला निकाल ४ जूनचा. जुन्या कुलाब्याच्या जागी २००८ च्या पुनर्रचनेत आलेला रायगड मतदारसंघ पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड यांच्या जोडीला रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागरही पोटात घेतो. तेथे रोहे तालुक्यातील सुतारवाडीच्या सुनील तटकरे यांना ५,०८,३५२ आणि अनंत गीते यांना ४,२५,५६८ मते पडली. तफावत ८२,७८४ मतांची, आणि तटकरे यांच्या पक्षाला देशभरात मिळालेली ही एकमेव जागा. हेच दोघे २०१४ साली समोरासमोर उभे राहिले, तेव्हा गीते अवघ्या २,११० मतांनी विजयी झाले होते आणि तटकऱ्यांच्याच नावाचा एक अपक्ष ९,८४९ मते घेऊन गेला होता. ती मते चुकून पडली असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावण्याचा जो शिरस्ता निवडणूक आयोगाने २०१५ पासून घालून दिला, त्याची आवश्यकता पटण्यास याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

 

आता दुसरा निकाल. मुंबई उत्तरमधून पीयूष गोयल आणि साताऱ्यातून उदयनराजे भोसले लोकसभेवर निवडून आले, त्या वेळी ते दोघेही राज्यसभेचे सदस्य होते. एका सभागृहाचा सदस्य दुसऱ्यावर निवडून गेला की त्याची पहिली जागा आपोआप रिक्त होते, असा कायदाच असल्याने महाराष्ट्राच्या राज्यसभेतील १९ जागांपैकी दोन मोकळ्या झाल्या. त्यांपैकी एकीवर भारतीय जनता पक्षाचे पेणचे धैर्यशील पाटील आणि दुसरीवर साताऱ्याकडचे नितीन पाटील ऑगस्टअखेर बिनविरोध निवडून आले. म्हणजे साताऱ्याच्या आणि मुंबईच्या मतदाराने जूनमध्ये जे बटण दाबले, त्याच्या योगाने पेणला ऑगस्टमध्ये खासदार लाभला. तो मतदार हे मनात धरून मतदान केंद्रावर गेला नव्हता, हे उघडच आहे.

बिनविरोध या शब्दाने मात्र फसू नये. राज्यसभेचे मतदार म्हणजे विधानसभेचे निवडून आलेले आमदार, आणि ते पसंतिक्रमाने मत देतात. अनेक जागा एकदम भरावयाच्या असतात तेव्हा ठराविक कोटा गाठणाऱ्या अल्पसंख्य गटालाही वाटा मिळतो, आणि क्वचित, जून २०२२ मध्ये सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले तेव्हा झाले तसे, सहाव्या जागेचा फैसला दुसऱ्या पसंतीवर येऊन ठेपतो. निरनिराळ्या मुदतींच्या रिकाम्या जागांची पोटनिवडणूक मात्र जागागणिक स्वतंत्र होते. मग विधानसभेत ज्याचे बहुमत, त्याच्याच पदरात प्रत्येक जागा पडते, आणि विरोधकांना अर्ज भरण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्या बिनविरोध निवडीत एकमत शोधू जाणे व्यर्थ आहे. तेथे बेरीज आधीच झालेली असते.

पेणपुरता या बेरजेचा एक चमत्कारिक परिणाम असा की, धैर्यशील पाटील २००९ आणि २०१४ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे पेणचे आमदार झाले, २०१९ साली भाजपच्या रवीशेठ पाटलांकडून पराभूत झाले आणि कालांतराने त्याच भाजपमध्ये दाखल झाले. तेव्हा राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान झाले असते, तर ज्या आमदाराने त्यांना विधानसभेबाहेर काढले, त्याचेच मत त्यांना संसदेत पाठविण्याच्या कामी आले असते.