गैरहजर विद्यार्थिनी

शाळेची घंटा होते. मास्तर हजेरीपट उघडून एकेक नाव पुकारू लागतात. मुले ओ देतात. मग नाव येते लॉरिन हिल. उत्तर नाही. मास्तर पुन्हा पुकारतात. पुन्हा शांतता.

गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेचा असा आरंभ आपण कधी ऐकला आहे काय? ऑगस्ट १९९८ मध्ये निघालेल्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’चा आरंभ असा आहे, आणि वर्गात नसलेली ती मुलगी म्हणजे स्वतः गायिकाच! हजेरी घेणारे मास्तर रास बराका हे खरोखरीचे शिक्षक आणि कवी. पुढे २०१४ साली ते नेवार्क शहराचे महापौर झाले. ध्वनिमुद्रिकेचे नावही एका पुस्तकाची आठवण देणारे. अमेरिकेतल्या शाळा काळ्या मुलांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवतात, असे कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३३ साली एका ग्रंथात मांडले होते. त्या ग्रंथाच्या नावावरून हे नाव घेतलेले.

लॉरिनचा जन्म १९७५ सालचा, न्यू जर्सी राज्यातला. आई इंग्रजीची शिक्षिका. म्हणजे पाटी-पुस्तकाचे संस्कार घरचेच. शाळेत असतानाच प्राझ मिशेल आणि वायक्लेफ जाँ यांच्याशी तिची जोडी जमली. वायक्लेफ मूळचा हैतीचा, प्राझचे आईवडीलही तिकडचेच. म्हणून ‘रेफ्युजी’ या शब्दावरून तिघांनी आपले नाव ठेवले ‘फ्युजीज’. १९९६ साली आलेल्या त्यांच्या ‘द स्कोअर’ या ध्वनिमुद्रिकेने जगभर नाव मिळवले.

तालाच्या ठेक्यावर यमके साधीत झपाझप बोलायचे, याला रॅप म्हणतात. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत वाढलेल्या हिप हॉपचे हे एक अंग. त्यात पुरुषांचीच गर्दी फार. एमसी लाइट, क्वीन लतीफा यांनी तिथे आधीच पाय रोवले होते. पण बोलण्याची धार आणि गळ्यातला गोडवा, दोन्हींवर लॉरिनसारखी हुकमत क्वचितच कुणाची असेल.

ऐन भरात असताना तिला दिवस गेले. गाण्याचा विचार कर, मूल आता नको, असा सल्ला देणारे भेटले. तिने मूल हवेच म्हटले. १९९७ साली मुलगा झाला, नाव झायन. त्याच्यावरचे गाणे या ध्वनिमुद्रिकेत आहे. नोकरी आणि पाळणा यांची ओढाताण ज्या घरांतून रोज चालते, तिथल्या गृहिणीला ते गाणे परके वाटणार नाही.

फेब्रुवारी १९९९ मध्ये २३ वर्षांच्या लॉरिनला एकाच रात्री ५ ग्रॅमी पारितोषिके मिळाली. वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा मान हिप हॉपला मिळाला तो तेव्हा प्रथमच.

आणि मग? सोबतच्या वादकांनी श्रेय आणि मोबदला यांसाठी फिर्याद केली. २००१ मध्ये ती तडजोडीने मिटली. २००२ साली केवळ गिटार घेऊन केलेल्या मैफलीचे मुद्रण निघाले, तेव्हा रसिकांचे दोन तट पडले. २०१३ साली आयकराची विवरणपत्रे भरली नाहीत म्हणून ३ महिन्यांचा तुरुंगवास तिने भोगला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतरच्या पाव शतकात स्टुडिओत घडवलेली दुसरी स्वतंत्र ध्वनिमुद्रिका तिच्या हातून झाली नाही.

एवढी बुद्धी वाया गेली, असे म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. शिक्षकी पेशात वीस वर्षे घालवल्यावर मला तसे म्हणवत नाही. पहिला नंबर आलेल्या मुलाने पुढच्या प्रत्येक परीक्षेत पहिलेच यावे, हा आग्रह आपला, विद्येचा नव्हे. कलावंताने किती दिले याचा हिशेब ठेवावा, पण जे दिले ते किती टिकले हेही पाहावे. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ही ध्वनिमुद्रिका आपल्या जतनसंग्रहात घेतल्याचे जाहीर केले. २०२१ साली तिला एक कोटी प्रतींचे मानचिन्ह मिळाले.

घरातली तरुण मंडळी कानाला यंत्र लावून बसतात, म्हणून आपण कुरकुरतो. या दिवाळीत एकदा त्यांच्याकडूनच ही हजेरी ऐकून घ्या. फराळाचे ताट पुढे असताना त्यांच्याशी बोलायला एक नवा विषय तरी मिळेल.