सांधे आणि झाडपाला – भाग ५ : सालईचा डिंक

गेल्या आठवड्यात निर्गुडीच्या पाल्याचा शेक पाहिला. तो वरून द्यायचा उपाय. आज पोटात घ्यायच्या एका औषधाकडे वळू.

सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर सालईची झाडं उन्हाळ्यात निष्पर्ण उभी असतात. राखाडी-हिरवट सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. खोडाला खाच पाडली की चीक पाझरतो आणि वाळत वाळत सोनेरी डिंक होतो. त्याचा खडा निखाऱ्यावर टाका, घरभर धुपाचा वास दरवळतो. आयुर्वेदातली शल्लकी ती हीच.

या डिंकात बोस्वेलिक आम्लं असतात. सूज येते तेव्हा शरीरात ल्युकोट्राइन नावाची रसायनं तयार होतात. ती घडवणाऱ्या विकराला ही आम्लं अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांची वाट वेगळी. त्या मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन रोखतात.

माणसांवर काय दिसलं? २००३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आपल्या नागपूरचीच. गुडघ्याच्या झिजेचे ३० रुग्ण. काहींना आठ आठवडे सालईचा अर्क, काहींना तशीच दिसणारी निरौषधी कॅप्सूल; नंतर अदलाबदल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. अर्क घेताना दुखणं कमी झालं, गुडघा अधिक वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. रुग्ण थोडे होते, त्यामुळे एवढ्यावर मोठा निकाल देता येणार नाही. पण एक्स-रेची ही नोंद मला फार मोलाची वाटते. सालई दुखणं हलकं करते, झिजलेली कूर्चा भरून देत नाही.

म्हणून मिळालेला आराम कारणी लावायला हवा. खुर्चीत ताठ बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडीचा स्नायू घट्ट आवळून दहापर्यंत मोजा, सावकाश खाली घ्या. मग दुसरा पाय. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखत असताना हे नकोसं वाटतं. दुखणं उतरलं की जमू लागतं.

आता पथ्याच्या गोष्टी. ही आम्लं स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक शोषली जातात, म्हणून औषध जेवणासोबत घ्यावं. काहींना मळमळ किंवा जुलाब होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणी टाळावंच. आणि सकाळी बोटं तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर आधी रक्त तपासून घ्या. तो आमवात असू शकतो. त्यात डॉक्टरांनी दिलेली औषधं सोडून नुसत्या डिंकावर राहिलात, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

बाजारात बिननावाच्या पुड्याही मिळतात. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. घटक आणि मात्रा छापलेलं औषधच घ्या. सालईचा गुण आठवड्यांनी कळतो. तेवढा धीर धरा, आणि तोवर रोज खुर्चीत बसून दहा मोजायला विसरू नका.

पुढील आठवड्यात : गुग्गुळ