थकवा म्हणजे आळस नव्हे

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत ती पांढरी साडी नेसून तासभर चालली. सगळ्यांनी पाहिले. १६ तारखेला तिला अंथरुणातून उठवेना, हे मात्र घराबाहेर कोणी पाहिले नाही. आठवडाभर ती कामावर गेली नाही, तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली : “मिरवणुकीला बरं जाता येतं, कामालाच कशी चक्कर येते?”

असे बोलणे आपल्या वस्त्यांत आम्ही नेहमी ऐकतो. कधी आपल्याही तोंडून ते गेले असेल. म्हणून या वेळी आम्ही अशा एका आजाराबद्दल लिहीत आहोत, ज्यात रोग्याला दुखण्याइतकाच लोकांच्या अविश्वासाचा त्रास होतो. डॉक्टर त्याला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्याला दीर्घकाळचा थकवा म्हणू.

हा साधा थकवा नाही

दिवसभर कापूस वेचून, धुणीभांडी करून येणारा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. हा थकवा झोपूनही उतरत नाही. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ माणूस पूर्वीची कामे करू शकत नाही. सकाळी उठल्यावरही झोप झाल्यासारखे वाटत नाही. विसरायला होते, हिशेब चुकतो, बोलताना शब्द सापडत नाही. काहींना उभे राहिले की गरगरते. सगळ्यात मोठी खूण म्हणजे झेपण्यापलीकडे श्रम झाले की त्रास वाढतो, आणि तो बहुधा लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी. मिरवणूक १४ ला आणि अंथरूण १६ ला, ते यामुळेच.

अनेकांना हा आजार ताप किंवा विषाणूच्या संसर्गानंतर जडतो. कोविडनंतरही कित्येकांना अशीच लक्षणे राहिली. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २०१५ साली अभ्यास करून सांगितले की, हा शरीराचा गंभीर आजार आहे, मनाचा खेळ नाही. तो एका तपासणीत सापडत नाही आणि त्यावर खात्रीचे औषध अजून निघालेले नाही. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

आधी तपासणी

थकवा आला की लगेच हेच नाव लावू नये. आपल्याकडे थकव्याची बरी होणारी कारणे पुष्कळ आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. थायरॉईड, साखर, क्षयरोग, बी-१२ ची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, मनाची उदासी यांमुळेही माणूस गळून जातो.

पहिली पायरी आपल्या आशाताईंची. त्यांच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जी तपासणी तिथे होत नाही, तिच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा परभणीला पाठवायला सांगा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, अंगावरून जास्त जाणे, धाप लागणे, यांपैकी काही असेल तर थांबू नका. छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना वहीचे एक पान न्या. कधीपासून त्रास आहे, आधी कोणता ताप आला होता, कोणते काम केल्यावर किती दिवसांनी पडून राहावे लागले, एवढे लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी लिहून देईल. “अशक्तपणा आहे” एवढेच सांगितले तर टॉनिक मिळते. पान दाखवले तर डॉक्टरही थांबून विचारतात.

ताकदीची सलाईन आणि रंगीत इंजेक्शने यांच्यावर मजुरीचे पैसे घालवू नका. करणी, बाहेरचे, अंगात येणे हे तर आपण धम्म स्वीकारला तेव्हाच मागे सोडले आहे.

शरीराकडून उचल घेऊ नका

आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना उचल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आज हातात पैसे येतात, पण फेडता फेडता हंगाम संपतो. या आजारात शरीराचेही तसेच आहे. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी धुणे, दळण, पाणी सगळे उरकले, तर ती उचल चार दिवस अंथरुणात फेडावी लागते.

म्हणून कामाचे तुकडे करा. थकण्याआधी थांबा, थकल्यावर नव्हे. भाजी बसून चिरा, कपडे बसून धुवा. वैशाख-जेठाच्या उन्हात बाहेरची कामे टाळा. “चाल, व्यायाम कर, आपोआप ताकद येईल” हा सल्ला या आजारात उलटू शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये या रुग्णांना ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे स्पष्ट केले.

सोण भिक्खू पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करीत राहिला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार ढिली सोडली तरी लागत नाही. आपल्या शरीराची तार कुठे बसते, ते रोग्याने हळूहळू ओळखायचे आहे.

“बाबासाहेब आजारी असूनही लिहीत होते”

हे वाक्य रोग्याला टोचण्यासाठी वापरले जाते. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, शेवटच्या काळात ते आधार घेऊन चालत, हे खरे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारेही तेच होते. कामाचे तास कमी व्हावेत, कामगाराला भरपगारी सुट्टी मिळावी, यासाठीचे कायदे त्या काळात पुढे आले. श्रम करणाऱ्या शरीराला विश्रांती हा हक्क आहे, हे आपल्याला त्यांच्याच कामातून कळते.

घर आणि विहार काय करू शकतात

सरकारी मदतीबाबत खरे तेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत या आजाराचे नाव नाही. प्रमाणपत्र काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. सततच्या आजाराने मन खचले, जगणे नको वाटू लागले, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. दिवसरात्र, विनामूल्य मराठीत बोलता येते.

उरलेला आधार आपणच आहोत. घरातल्या पुरुषांनी पाणी भरावे, मुलांनी भांडी घासावीत. महिला मंडळाने आठवड्यातून एकदा भाकरी-भाजीचा डबा पोहोचवावा. वंदनेला ती बसू शकत नसेल तर आडवी होऊ द्यावी.

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी न्हाऊ घातले. मग इतर भिक्खूंना बोलावून विचारले की, याची सेवा कोणी का केली नाही. हा प्रश्न आपल्यालाही आहे.

येत्या रविवारी वंदना झाली की एकमेकांना एवढेच विचारू : पूर्वी येणारे कोण अलीकडे येईनासे झाले आहे? त्या घरी दोघी-तिघींनी जावे. उपदेश करू नये. “तुझा त्रास खरा आहे, उद्याचे पाणी आम्ही भरतो,” एवढे म्हणावे.